बेळगावात फुलं पाठवताय, की पाहुणे घेऊन फिरायला येताय? आधी एवढं वाचा

नमस्कार. आमचं दुकान छोटं आहे पण ऑर्डरी पुणे, मुंबई, गोवा, अगदी दुबईहूनसुद्धा येतात, कारण मुलं नोकरीसाठी बाहेर आणि आईवडील इकडे शहापूरला नाहीतर टिळकवाडीत, असं आता घरोघरी झालंय. आमची विनंती एकच, "छानसा बुके पाठवा" एवढंच लिहून सोडू नका, फुलं कुणाला द्यायची आणि किती वाजता पोचायला पाहिजेत ते सांगा की, कुठलं फूल घ्यायचं ते त्यावरच ठरतं.

आता मोगऱ्याचंच बघा. कळ्या पहाटे तोडतात आणि त्या उमलतात संध्याकाळी, म्हणजे दुपारी गजरा हातात पडला आणि कळ्या घट्ट मिटलेल्या दिसल्या तर तो माल खराब नाही, उलट तोच ताजा, सातच्या रिसेप्शनला बरोबर फुलणार. निशिगंधाचंही तसंच, वास खरा रात्री सुटतो. सकाळचा मुहूर्त असेल तर आम्ही अबोली सुचवतो, वास नसतो पण दिवसभर केसात टवटवीत राहते. गजरा आम्ही ओल्या सुती फडक्यात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून देतो, फ्रीजमध्ये ठेवलात तरी पान काढू नका, माळायच्या वेळीच सोडा.

पावसाळ्यात झेंडूचा हार पाहिजे असेल तर आदल्या दिवशीच सांगा. इथला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, फुलाच्या पोटात पाणी राहिलं की आतून कुजायला लागतं आणि हार दुसऱ्या दिवशीच काळा पडतो, म्हणून आम्ही फुलं कागदावर पसरून फॅनखाली वाळवतो आणि मगच ओवतो, त्याला वेळ लागतो. गणपती आणि दसऱ्याला भाव रातोरात बदलतात त्यामुळे ॲडव्हान्स दिलात तर जुन्याच भावात देतो.

बुके घरी पोचला की देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला. जरबेराला दोनतीन इंच पाणी पुरे, जास्त पाण्यात दांडा सडतो. आणि फुलदाणी केळी-आंब्याच्या टोपलीजवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो त्याने कार्नेशन लवकर मिटतं. पेशंटसाठी पाठवत असाल तर आधी वॉर्ड विचारून घ्या, आयसीयूत फुलं घेत नाहीत, आणि परागकण सांडणारी लिली आम्ही हॉस्पिटलात देतच नाही.

पत्ता लिहिताना पिनकोडबरोबर जवळची खूण द्या. रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट की तिसरं, गोवावेस, बोगारवेस, गणपत गल्लीत कुठल्या टोकाला, असं लिहिलंत की आमची पोरं फोन न करता पोचतात आणि ज्यांना सरप्राइज द्यायचंय त्यांना आधी कळतही नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणपती विसर्जनाला गावातले रस्ते बंद असतात, त्या दिवशी दुपारच्या आत फुलं मागवा. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीपर्यंत आम्ही देतो, चार्ज वेगळा.

लग्नाला बाहेरचे पाहुणे आले की फिरायला कुठं न्यायचं हेही बरेच जण विचारतात. आमच्या मते सुरुवात किल्ल्यापासून करा. आत कमल बस्ती आहे, 1204 सालचं नेमिनाथाचं जैन मंदिर, मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ दिसतं, रोज फुलं हाताळणाऱ्या आम्हालाही ते बघताना नवल वाटतं. सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रमही किल्ल्यातच, 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात मुक्कामाला होते. तिथून टिळकवाडीत वीरसौध हे काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक आणि काँग्रेस विहीर बघा, गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं एकच अधिवेशन झालं ते 1924 चं बेळगावचं, आपल्या मुलांना हे माहिती असायलाच पाहिजे. कपिलेश्वराला जायचं तर सकाळी लवकर, श्रावण सोमवारी तर फारच लवकर, बेल आणि पांढऱ्या फुलांची परडी आम्ही तयार ठेवतो. संध्याकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा, वारा जोरात असतो, म्हाताऱ्या माणसांना शाल द्या. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटरचा, पण खरा बघायचा तो पावसाळ्यात घटप्रभा भरल्यावर, उन्हाळ्यात नेलंत तर पाहुणे नाराज होतील.

फुलांबरोबर कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, पाठवायचा असेल तर तोही त्याच दिवशीचा आणून वेगळ्या डब्यात देतो, मांडे मात्र आधी सांगावे लागतात. पैसे जीपे किंवा फोनपेने, कार्डावरचा मजकूर मराठी, कन्नड, इंग्रजी कशातही लिहून देऊ, व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा म्हणजे नावात चूक होत नाही. फुलं कोमेजलेली पोचली तर दोन तासांच्या आत फोटो पाठवा, त्याच दिवशी दुसरी देतो, त्याचे पैसे घेत नाही.