सोलापूरच्या पूर्व भागातल्या महापालिका शाळा आणि त्यांचा पट

सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग आणि विडी कामगारांचा भाग, बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, आणि इथल्या महापालिका शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, पट किती, म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं किती? कारण शिक्षकांची पदं पटावरच मंजूर होतात, त्याला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३ असा हिशोब दिलाय, म्हणजे अशा मोजणीत ६२ चा पट ५८ वर आला की एक शिक्षक जादा! शाळा सुरू व्हायच्या आधी सर-मॅडम गल्लीबोळात मुलं शोधत फिरतात ते उगाच नाही. याच आकड्यापायी कागदावरची मुलंही वाढली होती, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि आता तर आधार जुळल्याशिवाय मूल पटात धरत नाहीत.

पट घसरला की लोक सरळ म्हणतात शिकवत नाहीत. असेलही काही ठिकाणी, पण इथं बाकीची कारणं मोठी आहेत. मिल बंद पडल्या, कोणी भिवंडीला गेलं, आणि २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली तेव्हा अशी कितीतरी कुटुंबं शहराबाहेर राहायला गेली, मग पेठेतल्या शाळेत मुलं येणार कुठून. त्यात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशी माध्यमं वेगळी, त्यामुळे वस्ती दाट असून एकेका शाळेच्या वाट्याला थोडीच मुलं येतात. इंग्लिश मीडियमची ओढ आहेच, सेमी-इंग्लिश सुरू केलं ते त्यासाठीच.

गुणवत्ता मात्र पटावरून कळत नाही, आणि ती मोजायची सोयही तोकडीच. मुलांचं वाचन-गणित तपासणारा असरचा सर्व्हे फक्त ग्रामीण भागाचा, केंद्राच्या नॅस चाचणीचा (आता परख) निकाल जिल्ह्याचा, एकेका शाळेचा नाही. उरते स्कॉलरशिपची परीक्षा, त्यात निवडक मुलंच चमकतात, मागच्या बाकावरच्याला वाचता येतं का ते त्यात दिसत नाही. दहावीच्या निकालाचं श्रेय किंवा दोषही महापालिकेला सरसकट देता येत नाही, कारण इथली बरीच मुलं सातवी-आठवीनंतर खासगी संस्थांच्या अनुदानित हायस्कूलात जातात आणि निकाल त्या हायस्कूलच्या नावावर लागतो.