आधी ऊब, मग साबण

समुद्रात तेलगळती झाली की बातमीबरोबर एक फोटो हमखास येतो. काळ्याकुट्ट तेलाने माखलेला पक्षी आणि त्याला साबणाच्या फेसात धुणारे हातमोजे. घाण लागली, धुतली, काम झाले, असे तो बघून वाटते. या कामातल्या माणसांना मात्र धुण्याची घाई आवरायला शिकण्यातच बरीच वर्षे गेली.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळला. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. तेल जाळण्यासाठी सरकारने जहाजावर विमानांतून बॉम्ब टाकले आणि तवंग फोडायला हजारो टन रसायने वापरली. किनाऱ्यावरच्या शंख-शिंपल्यांना ती तेलापेक्षा जहरी ठरली. लोकांनी कनवाळूपणे उचलून आणलेले पक्षीही धुतले गेले आणि बहुतेक मेलेच.

असे का झाले, ते पिसात दडलेले आहे. पिसाचे बारीक तंतू आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाणी कातडीपर्यंत जात नाही आणि आत हवेचा उबदार थर टिकतो. तेलाने ही वीण विस्कटते. पक्षी गारठतो, त्याला तरंगता येत नाही. चोचीने पिसे साफ करू लागला की तेल पोटात जाते. मग आतड्याला इजा, रक्तक्षय. असा उपाशी, अंगातले पाणी आटलेला जीव माणसाच्या हाती लागतो आणि त्याच्या लेखी माणूस म्हणजे शिकारीच! त्यात लगेच आंघोळ घातली, तर त्या धसक्यानेच तो जायचा.

जानेवारी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ दोन टँकरची टक्कर झाली. हजारो पक्षी गोळा झाले, परत सोडता आले ते जेमतेम तीनशे. त्याच वर्षी अॅलिस बर्कनर या परिचारिकेने ‘इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू’ ही संस्था काढली. रुग्णाला आधी स्थिर करायचे, हा दवाखान्यातला साधा नियम इथेही लागू पडला. पक्ष्याला आधी ऊब द्यायची, नळीने पाणी आणि पातळ अन्न द्यायचे, रक्त तपासायचे. धुणे त्यानंतर, बहुधा एक-दोन दिवसांनी. त्यासाठी नाना द्रावणे वापरून झाल्यावर उपयोगी ठरला तो भांडी घासायचा पातळ साबण. खरी कसोटी पुढे असते, कारण साबणाचा अंश राहिला तरी पिसे भिजतात. ती नीट खळखळून घेतली की वरून काही लावावे लागत नाही. पक्षी चोचीने त्यांची घडी स्वतःच बसवतो.

मार्च १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हा तेलाचा टँकर फुटला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले. समुद्री पाणमांजरांचे हाल आणखी वेगळे. सील किंवा व्हेलसारखा चरबीचा थर त्यांना नसतो, सगळी भिस्त दाट केसांवर. ती पकडून, धुऊन वाचवण्यावर सुमारे १.८ कोटी डॉलर खर्च झाले आणि दोनशेहून कमी समुद्रात परतली. एवढ्या पैशात अधिवास राखावा की जीव धुवावेत, हा वाद तेव्हापासून पेटला. मला तो अर्धवट वाटतो. जिथे प्रजातीच थोडी उरली आहे, तिथे एकेका जिवाचा हिशेब वेगळा होतो.

याचा दाखला जून २००० मध्ये मिळाला. केपटाउनजवळ ‘ट्रेझर’ हे जहाज बुडाले, तेही आफ्रिकन पेंग्विनच्या दोन मोठ्या वसाहतींच्या मधोमध. १९६८ पासून हेच काम करणाऱ्या ‘सॅनकॉब’ संस्थेने हजारो स्वयंसेवकांसह सुमारे १९,००० माखलेले पेंग्विन हाताळले आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक परत सोडले. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे जवळपास तेवढेच स्वच्छ पेंग्विन तेल लागायच्या आतच उचलले आणि सुमारे ८०० किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. पेंग्विन घरचा रस्ता धरणार, हे ठाऊक होते. तिघांच्या पाठीवर उपग्रहाला माग देणारी यंत्रे बसवली होती. पोहत परतायला त्यांना दोन-तीन आठवडे लागले, आणि तेवढा वेळ किनारा साफ करणाऱ्यांना मिळाला.