पाणसळ खरी की खोटी, हे पाणसळच सांगते

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा नुकताच नव्याने बसवला. सांडलेलं पाणी सिंककडे जावं, ते जाऊ लागलं शेगडीकडे! गवंडीदादांनी पाणसळ, म्हणजे नळीतल्या बुडबुड्यावरून कल दाखवणारी स्पिरिट लेव्हल, ठेवून दाखवली. बुडबुडा उंच बाजूला जातो; तो होता शेगडीच्या बाजूला, म्हणजे उतार सिंककडेच. दादांचा हात चुकला नव्हता. चूक त्यांच्या पाणसळीत होती.

लेव्हलची नळी सरळ असते, असा आपला समज. तशी असती तर जरा कल येताच बुडबुडा टोकाला जाऊन बसला असता आणि कल किती ते कळलंच नसतं. नळी आतून वरच्या अंगाला किंचित फुगीर असते, एका मोठ्या वर्तुळाचा लहानसा कंस. बुडबुडा त्या कंसाच्या सर्वांत उंच बिंदूवर थांबतो. कल बदलला की तो बिंदू सरकतो. किती? त्रिज्या गुणिले रेडियनमधला कोन. मीटरला 1 मिमी कल म्हणजे 0.001 रेडियन; त्रिज्या 2 मीटर असेल तर बुडबुडा 2 मिमी सरकेल. कारखान्यात लेथ बसवताना मीटरला 0.02 मिमी इतका कल ओळखावा लागतो. बुडबुडा तेव्हाही 2 मिमीच सरकायचा, तर त्रिज्या हवी 100 मीटर! मग 10 सेंमी नळीतला फुगवटा भरतो 0.0125 मिमी, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. काचेत एवढं सूक्ष्म वळण घासून काढतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तपासणी. त्यासाठी सपाट जागा लागत नाही, कलतं टेबलही चालतं. पाणसळ ठेवा, तिच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा. समजा, बुडबुडा खिडकीकडे गेला. आता टोकांची अदलाबदल करून ती त्याच रेघेवर ठेवा. टेबलाचा कल तोच आहे, म्हणून बुडबुडा पुन्हा खिडकीकडेच आणि तेवढाच जायला हवा. पाणसळीतली चूक मात्र तिच्याबरोबर फिरते: आधी कल अधिक चूक, आता कल उणे चूक. दोन्हींची सरासरी हा टेबलाचा खरा कल, फरकाचा निम्मा भाग ही पाणसळीची चूक.

लेहजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर गाड्या चुंबकाने चढ चढतात, असे व्हिडिओ फिरतात. तिथे चुंबक नाही. भोवतालच्या डोंगरउतारांमुळे डोळा फसतो आणि उतारालाच चढ समजतो. अशा जागी तपासलेली पाणसळ ठेवून पाहावी.

नवी घेताना ही अदलाबदल दुकानाच्या काउंटरवरच करा. उन्हात तापलेली लेव्हल लगेच वापरू नका. एक टोक जास्त तापलं की बुडबुडा त्या बाजूला ओढला जातो. भिंत सरळ उभी आहे का हे दाखवणारी उभी नळी असेल, तर ती मात्र ओळंब्याशी, म्हणजे वजन टांगलेल्या दोरीशी, ताडून पाहा.