जीपीएस संकेतलोप (वाहनचालनातील)

वाहन चालवत असताना काही ठरावीक जागी उपग्रहांकरवी मिळणारी स्थाननिश्चिती खंडित होणे किंवा चुकीची होणे. संकेत पूर्ण तुटणे आणि संकेत मिळूनही जागा चुकणे या भिन्न घटना असून त्यांची कारणे वेगळी आहेत. घाटात मोबाइलची रेंज जाऊन नकाशा कोरा पडतो, तो यांपैकी कोणताच प्रकार नव्हे. जीपीएसचा संकेत मोबाइल मनोऱ्यांवर अवलंबून नसतो. मात्र अशा जागी फोन नव्याने सुरू केल्यास विलंब लागतो, कारण कक्षाविषयक माहिती मग उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने घ्यावी लागते.

जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. त्यांचा नागरी संकेत (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) जमिनीवर पोहोचेतो वॅटच्या सुमारे एक-कोटी-अब्जाव्या भागाइतका क्षीण झालेला असतो, म्हणजे ग्राहीतील (संकेत घेणाऱ्या उपकरणातील) उष्णताजन्य विद्युत् गोंगाटाहूनही मंद. स्थानाचे तीन सहनिर्देशक व ग्राहीच्या घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी काढण्यास किमान चार उपग्रह लागतात. बोगद्यात एकही मिळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील भाताण, माडप व कामशेत बोगद्यांत किंवा मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या सुमारे २ किमी. लांबीच्या जोडबोगद्यात लोप अपेक्षितच असतो.

उंच इमारतींमधील चूक हा अधिक चर्चेचा विषय आहे. जुन्या ग्रंथांत तिला सरसकट बहुपथ-परिणाम म्हटलेले आढळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पॉल ग्रोव्हज प्रभृती अभ्यासक तीत दोन प्रकार मानतात. थेट व परावर्तित संकेत एकत्र पोहोचले तर तो खरा बहुपथ. त्यात अंतर कमी वा जास्त कसेही मोजले जाते, पण थेट संकेत प्रबळ असेल तर चुकीला मर्यादा राहते. थेट संकेत इमारतीने अडवला आणि समोरच्या काचेच्या भिंतीवरून परतलेलाच तेवढा पोहोचला, तर अंतर नेहमी वाढीव येते व अशी मर्यादा उरत नाही. ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते, कारण ग्राहीतील बहुपथरोधक प्रक्रिया दुसऱ्या प्रकारावर फारशा चालत नाहीत. शिवाय दुतर्फा इमारती असलेल्या रस्त्यावर दिसणारे उपग्रह बहुधा रस्त्याच्याच दिशेत असतात. परिणामी गाडी पुढे-मागे कमी आणि आडवी अधिक चुकते, व महामार्गावरची गाडी नकाशात सर्व्हिस रोडवर दिसते. उंचीतील चूक तर त्याहून मोठी. नागपूरच्या वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलासारख्या जागी गाडी वर की खाली, हे केवळ उपग्रहांवरून ठरवणे कठीण जाते.

घाटात कापलेल्या कड्यामुळे आकाशाचा मोठा भाग झाकला जातो. पावसाने संकेत तुटतो हा समज निराधार आहे. या कंप्रतेवर पावसाने होणारी घट नगण्य असते. दाट झाडीची ओली पाने मात्र संकेत बरेच शोषतात. विषुववृत्तीय आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरातील) अस्थिरतेने सूर्यास्तानंतर संकेत चंचल होतो, विशेषतः सौर कमाल वर्षांत. तथापि हा परिणाम विशिष्ट जागेशी बांधलेला नसल्याने येथे गौण ठरतो.

हेतुपुरस्सर व्यत्यय हा वेगळा प्रकार. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळालगतच्या महामार्गावरून जाणाऱ्या वाहनांतील जीपीएस संकेत दडपणाऱ्या छोट्या रोधक उपकरणांनी तेथील जीपीएसआधारित अवतरण प्रणाली विस्कळीत होत असल्याचे २००९-१० च्या सुमारास लक्षात आले. मालकाला गाडीचा माग लागू नये, हा अशा उपकरणांमागचा नेहमीचा हेतू.

चाकांचे फेरे व घूर्णीमापक (गाडीचे वळणे मोजणारे उपकरण) यांवरून जागा काढत राहणे हा उपाय मोटारींतील जीपीएसहून जुना आहे. होंडाने १९८१ मध्ये जपानात आणलेल्या यंत्रणेत उपग्रह नव्हतेच. काढलेली जागा नकाशातील रस्त्याशी जुळवून घेण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील ईटॅक कंपनीला (१९८५) दिले जाते. परंतु अमेरिकी अभियंते रॉबर्ट फ्रेंच यांनी वृत्तपत्र-वितरणाच्या गाड्यांसाठी तत्सम यंत्रणा बहुधा १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच बनवली होती, हे पाहता अग्रक्रम त्यांच्याकडे जातो. वेझ या मार्गदर्शक अ‍ॅपने २०१६ पासून काही बोगद्यांत ब्लूटूथ संकेतके बसवण्यास आरंभ केला. ती नसतील तेथे फोन बहुधा शेवटचा वेग धरून गाडी पुढे सरकवतो, आणि आत वाहतूक तुंबली की नकाशातली गाडी खऱ्या गाडीच्या आधीच बोगद्याबाहेर पडते.