तबकड्या वाढल्या की बघणारे?

अमेरिकन सरकारने उडत्या तबकड्यांबद्दल काही 'उघड' केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इंदुरातल्या राजेंद्रनगरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांमधून परग्रहवासी डोकावू लागतात. युक्तिवाद ठरलेला: तिकडच्या सरकारी नोंदी बघा, १४४ च्या ५१० झाल्या, म्हणजे 'ते' आता जास्त यायला लागलेत. आकडे अगदी खरे आहेत. घोळ निष्कर्षात आहे, आणि त्या घोळामागचं गणित मला इतकं आवडतं की त्याच्यासाठीच हा लेख.

आधी ते ५१०. जून २०२१ च्या अमेरिकन अहवालात २००४ पासूनच्या १४४ घटना होत्या, त्यातल्याही बहुतेक शेवटच्या दोन वर्षांतल्या. कारण साधं आहे. असं काही दिसलं तर कुठे आणि कसं कळवायचं, याची ठरलेली पद्धत नौदलाने मार्च २०१९ मध्ये सुरू केली. त्याआधी वैमानिक गप्प बसत, कारण 'याला डॉक्टरांना दाखवा' असा शेरा कोणालाच नको असतो. पुढच्या अहवालात २४७ नव्या नोंदी आल्या, शिवाय ११९ अशा, ज्या मागाहून सापडल्या किंवा उशिरा कळवल्या गेल्या. बेरीज ५१०. या ३६६ वाढीव नोंदींपैकी १६३ तर फुगे किंवा फुग्यासारख्या वस्तू निघाल्या. लोकांचा संकोच कमी झाला हेही वाढीचं एक कारण आहे, असं त्या अहवालातच म्हटलंय. ते पान मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

हे नवीनही नाही. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नॉल्ड या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. हे वर्णन चालीचं होतं, पण पेपरांनी त्याचा आकार केला. पुढच्या काही आठवड्यांत देशभरातून शेकडो लोकांनी नोंदी केल्या, आणि त्यांना दिसलं काय, तर बशा!

अमेरिकन हवाई दलाने ठेवलेल्या नोंदी तर आणखी बोलक्या आहेत. १९५१ मध्ये १६९ आणि १९५२ मध्ये १,५०१. मधे काय झालं? एप्रिलमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात या विषयावर मोठा लेख आला, हवाई दलाच्या सहकार्याने. जुलैमध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले, आणि २९ जुलैला पेंटागॉनला भली मोठी पत्रकार परिषद घ्यावी लागली. पुढच्या वर्षी आकडा ५०९ वर उतरला.

आता माझ्या आवडीचा भाग. कॉलनीत एक चोरी झाली की त्या आठवड्यात मांजराने डबा पाडला तरी सगळ्या घरांचे दिवे लागतात. चोर तेवढेच असतात, पण दिवा लावायला किती आवाज पुरेसा, याचा निकष खाली आलेला असतो. रडारवाल्यांना हा प्रश्न रोजचाच: पडद्यावरचा ठिपका विमान मानायचा की नुसता गोंगाट? १९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टॅनर आणि स्वेट्स यांनी हेच गणित माणसाच्या डोळ्यांना लावलं.

समजा, आकाशात दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण मनातल्या मनात विचित्रपणाचे गुण देतो. बहुतेकांना सरासरीच्या आसपासचे, अगदी थोड्यांना खूप जास्त. आलेख काढला की शाळेतली ती घंटेच्या आकाराची वक्ररेषा. आणि प्रत्येकाचा एक निकष असतो: एवढ्याच्या वर गुण गेले तरच मी तोंड उघडणार. एरवी हा निकष सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत, ते मोजायची पायरी) दूर आहे, असं धरू. एका संध्याकाळी इंदुरात एक लाख लोकांनी वर पाहिलं, तर त्यातले १३५ जण बोलतील. तेवढ्यात टीव्हीवर बातमी झळकली आणि निकष एक पायरी खाली, दोनवर आला. आता बोलतील २,२७५. जवळजवळ सतरापट, आणि आकाशात एक पाखरूसुद्धा जास्त उडालेलं नाही.

थांबा, खरी मजा पुढे आहे. धरून चालू की त्या आकाशात खरोखर काही वेगळ्या वस्तूही आहेत, आणि त्यांचे सरासरी गुण तीनच्या रेषेवर पडतात. निकष तीनवर असताना त्यातल्या निम्म्या पकडल्या जातील, दोनवर आणला की ८४ टक्के. म्हणजे खऱ्या पकडी दीडपटीहून जराशा जास्त आणि खोट्या सतरापट. असं का? कारण खोट्यांच्या वक्ररेषेची शेपटी मध्याकडे येताना झपाट्याने जाड होत जाते, आणि खऱ्यांच्या वक्ररेषेत तर आपण आधीच भर मध्यावर उभे असतो. दोन वक्ररेषांच्या शिखरांमधलं अंतर ही बघणाऱ्याची पारख. बातमीने ती तसूभरही वाढत नाही, फक्त निकष सरकतो. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर कागदावर दोन घंटा काढून परत वाचा. वर्गातही दुसऱ्या वाचनालाच माना हलतात.)

आमच्याकडचा दाखला २ एप्रिल २०२२ चा, गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा. पावणेआठच्या सुमारास जळत्या तुकड्यांची रांग निमाडपासून विदर्भापर्यंत आकाश कापत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडंच पडलेलं सापडलं. चिनी रॉकेट चांग झेंग ३बीचा एक टप्पा वातावरणात परतला होता, हे लवकरच कळलं. ही झाली खरी पकड. नंतरच्या रात्री दहाच्या पुढे ग्रुपवर एका काकूंचा मेसेज: "आज परत आलंय. राऊच्या साइडला. लाल-हिरवं होतंय. कलेक्टर ऑफिसला कोणीतरी फोन करा." राऊकडे, म्हणजे आमच्या नैर्ऋत्येला, उतरलेला व्याधाचा तारा होता तो. इतक्या खाली आला की जाड हवेतून त्याचा प्रकाश वाकत, फुटत येतो आणि तो रंग बदलल्यासारखा लुकलुकतो. पाडव्याच्या आदल्या रात्रीही तो तिथेच लुकलुकत होता. तासाभरात आणखी चौघांना तो सरकतानाही दिसला, आणि सगळ्यांना एकाच दिशेला!

यात काकूंना हसण्यासारखं काही नाही. अंधारात एकटा स्थिर ठिपका टक लावून पाहिला की तो हलतोय असं वाटतंच. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी अंधाऱ्या खोलीत असा ठिपका दाखवून तो किती सरकला हे विचारलं. एकेकट्याचे अंदाज वेगवेगळे आले, एकत्र बसवल्यावर ते एकमेकांच्या जवळ सरकले. लडाखमध्ये तर आपल्या जवानांनी काही महिने ज्यांची 'चिनी ड्रोन' म्हणून नोंद ठेवली, ते गुरू आणि शुक्र असल्याचं २०१३ मध्ये बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने दाखवून दिलं. लग्नसराईत बायपासवरच्या मॅरेज गार्डनचे शार्पी लाइट, म्हणजे प्रखर झोताचे दिवे, ढगांवर फिरतात तेव्हाचे फोन वेगळेच.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती देशभर दूध प्यायला, तेव्हाही चमचे आणि त्यातलं दूध ओढून घेणारा पृष्ठताण रोजचेच होते. फक्त त्या सकाळी सगळे चमचा लावून बघत होते. तबकडीच्या बातमीला गूढ संगीत लावणारी चॅनेलं त्याच दुधावर जगतात. पण सरकारं काही दडवत नाहीत असं मानण्याइतका मी भोळा नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून जास्त नोंदी म्हणजे अमेरिकेचीच यू-२ सारखी हेरविमानं होती, असा दावा सीआयएच्या १९९७ च्या अभ्यासात आहे. तेव्हा लोकांना बर्फाचे कण वगैरे कारणं सांगितली गेली. दडवादडवी झाली, पण दडवलं होतं ते विमान.

निकष खाली आला की यंत्रंही माणसासारखीच वागतात. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेने चिनी फुगा पाडला. मग रडारची गाळणी सैल केली, म्हणजे लहान आणि संथ वस्तूही आता गाळल्या जाणार नव्हत्या. १०, ११ आणि १२ तारखेला ओळीने तीन वस्तू पाडल्या गेल्या. त्या बहुधा खासगी किंवा संशोधनाचे फुगे असाव्यात, असं नंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीच सांगितलं.

निकष वर न्या असं मी म्हणणार नाही, कारण मग लाडबोरीचं कडंही निसटेल. काही दिसलं तर जरूर कळवा, पण पारख वाढवणारी माहिती सोबत द्या. मिनिटापर्यंतची वेळ, दिशा, आणि क्षितिजापासूनची उंची. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते, तेव्हा उंची मुठींत सांगितली तरी चालेल. एवढं असलं की स्टारलिंक उपग्रहांची माळ, अवकाश स्थानक आणि ग्रहांच्या वेळापत्रकाशी पाच मिनिटांत ताळा घेता येतो. व्हिडिओ काढलात तर फ्रेममध्ये गच्चीचा कठडा किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे ठिपका हलला की मोबाइल धरलेला हात, ते तरी कळेल.