पोर्तुगाल: देश, माणसं, राजकारण आणि इतिहास

पोर्तुगाल हा युरोपच्या अगदी पश्चिम टोकाचा देश. एकीकडे स्पेन आणि दुसरीकडे अटलांटिक महासागर, तिसरा शेजारीच नाही. क्षेत्रफळ साधारण ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. राजधानी लिस्बन, उत्तरेचं मोठं शहर पोर्तो, शिवाय समुद्रात लांबवर आझोर्स आणि मदेरा ही दोन स्वायत्त बेटसमूह. आपल्याकडे पोर्तुगाल म्हटलं की वास्को द गामा, वसईचा किल्ला आणि गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, एवढंच डोळ्यापुढे येतं, आणि ते सगळं खरं आहे, विसरायचं अजिबात कारण नाही. पण त्या देशात सत्ता गाजवणारे वेगळे आणि राबणारे वेगळे होते, आणि गोव्याची माणसं ज्या राजवटीशी लढली तीच राजवट पोर्तुगीज माणसाच्याही मानेवर कित्येक वर्षं बसली होती, हे धरून चाललं तरच हा देश कळतो.

राज्य म्हणून सुरुवात बाराव्या शतकातली. आफोन्सो हेन्रिक्स याने ११४३ मध्ये शेजारच्या लेओन राज्याकडून स्वतःला राजा म्हणून मान्य करून घेतलं, ११४७ मध्ये मूर मुसलमान राज्यकर्त्यांकडून लिस्बन जिंकलं, आणि १२४९ पर्यंत दक्षिणेचा आल्गार्व किनाराही हातात आला. स्पेनबरोबरची सीमा १२९७ च्या तहात ठरली ती थोडाफार फरक सोडला तर आजही तशीच आहे, युरोपात इतकी जुनी सीमा फार कमी देशांची आहे. १३८५ मध्ये आल्जुबारोताच्या लढाईत कास्तील या आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या फौजेला हरवलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडशी मैत्रीचा तह झाला, जो कागदोपत्री अजून चालू आहे.

मग समुद्र. १४१५ मध्ये आफ्रिकेतलं सेउता घेतलं, १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५०० मध्ये ब्राझील, १५१० मध्ये गोवा, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई. शाळेत हे 'शोध' म्हणून शिकवतात पण त्याची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. १४४४ मध्ये आल्गार्वमधल्या लागोस गावात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची वाटणी झाली, आणि पुढच्या चार शतकांत पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांनी पन्नास लाखांहून जास्त आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. घरी ज्यूंना १४९७ मध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलं, १५३६ मध्ये इन्क्विझिशन आलं आणि १५६० मध्ये ते गोव्यातही बसवलं. मसाल्याचा आणि नंतर ब्राझीलच्या सोन्याचा पैसा राजवाड्यात, चर्चमध्ये आणि परदेशी सावकारांकडे गेला, उत्तरेकडच्या डोंगराळ गावातला शेतकरी होता तिथेच राहिला. राजा सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत मेला, वारस नव्हता, आणि १५८० ते १६४० देश स्पेनच्या राजाखाली गेला. मुंबई १६६१ च्या लग्नकरारात इंग्रजांकडे गेली, वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. रेवदंड्याजवळ कोर्लई गावात पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही घराघरात बोलतात, ही त्या काळाची खूण आपल्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे.

१ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे, म्हणजे सगळ्या संतांचा ख्रिस्ती सण. सकाळी चर्चमध्ये लोक जमलेले, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि लिस्बनला भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि शहर कित्येक दिवस जळत राहिलं. हजारो माणसं मेली. मंत्री पोम्बाल याने त्यानंतर जे केलं ते त्या काळाच्या खूप पुढचं होतं, त्याने देशभरातल्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली की हादरा किती वेळ चालला, समुद्र आधी चढला का ओसरला, किती घरं पडली. उत्तरं आजही जपून ठेवली आहेत आणि भूकंपशास्त्रवाले ती वापरतात. शहराचा खालचा भाग सरळ रस्त्यांत नव्याने बांधला, भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, आणि तो टिकतो का बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं. हाच पोम्बाल विरोधकांच्या बाबतीत अतिशय क्रूर होता, तेही तितकंच खरं.

एकोणिसावं शतक वाईट गेलं. १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या तसा राजदरबारच जहाजात बसून ब्राझीलला निघून गेला, १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झालं, मग यादवी, कर्ज. १९०८ मध्ये राजा कार्लोस आणि युवराज यांना लिस्बनमध्ये भर चौकात गोळ्या घातल्या, ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आलं. या प्रजासत्ताकाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९११ च्या निवडणुकीत कायद्यात लिहिलं होतं की २१ वर्षांवरचा, वाचता येणारा किंवा कुटुंबप्रमुख असलेला नागरिक मत देऊ शकतो, पुरुषच हवा असं कुठे लिहिलं नव्हतं. कारोलिना बेआत्रिझ आंझेलो ही डॉक्टर होती, विधवा होती, घर तीच चालवत होती. ती कोर्टात गेली, जिंकली आणि मत देऊन आली. १९१३ मध्ये सरकारने कायद्यात 'पुरुष' शब्द घालून तो दरवाजा बंद केला, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मिळायला १९७४ ची क्रांती यावी लागली.

सरकारं सतत पडत होती, आणि २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली. कोइम्ब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आंतोनियो सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९३३ च्या घटनेने त्याची 'नवी राज्यव्यवस्था' पक्की झाली. हुकूमशहा म्हटल्यावर मोठ्या सभा, आरडाओरडा डोळ्यापुढे येतो, सालाझार तसा नव्हता, शांत, काटकसरी, चर्चशी जवळीक असलेला, आणि म्हणूनच त्याची पकड जास्त खोल गेली. गुप्त पोलीस, खबरे, वर्तमानपत्रावर सेन्सॉरची निळी पेन्सिल, केप व्हर्दे बेटावर ताराफाल नावाची छळछावणी. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचं तर सरकारची परवानगी, बायकोला परदेशी जायचं तर नवऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ राहिला. १९४० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोचा पोर्तुगीज कॉन्सुल आरिस्तिदेस द सोसा मेंदेस याने वरून मनाई असताना नाझींपासून पळणाऱ्या हजारो लोकांना व्हिसा दिले, त्याला नोकरीतून काढलं आणि तो १९५४ मध्ये गरिबीत वारला. २०२१ मध्ये राष्ट्रीय स्मारकात त्याच्या नावाची शिळा बसवली, फार उशीर झाला पण झालं.

गरिबी अशी की १९७० मध्येही साधारण चौथा हिस्सा लोक निरक्षर होते. १९६० ते १९७४ या काळात दहा लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, बरीचशी फ्रान्सला, आणि पासपोर्ट मिळत नाही म्हणून चोरून, स्पेन ओलांडून पिरेनीज डोंगरातून पायी. नेणाऱ्या दलालावर विश्वास कसा ठेवायचा यावर लोकांनी एक उपाय काढला होता, निघणाऱ्याचा फोटो मधोमध फाडायचा, अर्धा घरच्यांकडे, अर्धा त्याच्या खिशात. तो सुखरूप फ्रान्सला पोचला की आपला अर्धा तुकडा घरी पाठवायचा, दोन्ही तुकडे जुळले की मगच घरचे दलालाचे उरलेले पैसे द्यायचे. पॅरिसच्या बाहेर शांपिन्यीला अशा मजुरांची मोठी झोपडपट्टी उभी राहिली होती, चिखल, पत्रे, नळ नाही. साम्राज्य टिकवायला पैसा होता आणि गावात शाळा बांधायला नव्हता, या एका गोष्टीवरून ती राजवट काय होती ते कळतं.

आणि इथेच गोवा जोडलेला आहे. समुद्रकाठच्या पेनीश किल्ल्यात पोर्तुगीज कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल कैदेत होता, त्याच किल्ल्यात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हाही होते. गोवा मुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात होते, गोवा मुक्त झाला तरी त्यांना सोडलं नाही, सुटका झाली १९६९ मध्ये, त्यासाठी सुधीर फडक्यांनी इकडे जिवाचं रान केलं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली तेव्हा सालाझारचा हुकूम होता की शरण यायचं नाही, एकतर जिंका नाहीतर मरा. गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा याने तीनेक हजार सैनिकांचा जीव फुकट घालवायला नकार देऊन १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केली. त्याला सैन्यातून काढून टाकलं, आणि सरकार आपल्याला मरायला सोडतं आणि वर दोषही देतं हे तिथल्या अधिकाऱ्यांनी पाहिलं.

त्याच १९६१ मध्ये अंगोला या आफ्रिकेतल्या वसाहतीत स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं, मग गिनी, मग मोझांबिक, तेरा वर्षं तीन आघाड्या. सालाझार १९६८ मध्ये आजारपणाने बाजूला झाला, मार्सेलो कायतानो आला, युद्ध चालूच. शेवटी या युद्धात होरपळलेल्या कॅप्टन, मेजर हुद्द्यावरच्या तरुण अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ ला उठाव केला. मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेलं गाणं वाजलं, सांतारेंहून कॅप्टन साल्गैरो माया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये आला, लोकांना रेडिओवरून घरात थांबा सांगत होते तरी सगळे रस्त्यावर. सेलेस्त काएरो नावाची बाई एका रेस्टॉरंटमध्ये कामाला होती, त्या दिवशी रेस्टॉरंटचा वर्धापन दिन म्हणून आणलेली फुलं धंदा बंद ठेवल्यामुळे घरी न्यायला मिळाली होती. एका सैनिकाने तिच्याकडे सिगरेट मागितली, ती नव्हती म्हणून तिने कार्नेशनचं फूल दिलं, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं, आणि क्रांतीला नावच ते पडलं. संध्याकाळपर्यंत कायतानोने सत्ता सोडली. रक्त सांडलं ते गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून गर्दीवर गोळ्या झाडल्या तेव्हा, चार जण गेले. काशियाश आणि पेनीशचे कैदी लगेच बाहेर आले, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा भारताचा आहे हे करार करून मान्य केलं.

बरोबर एक वर्षाने घटना समितीची निवडणूक झाली, मतदान ९१ टक्क्यांवर. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या आणि तिथून काही लाख पोर्तुगीज लोक सुटकेस घेऊन परत आले, बँका सरकारी झाल्या, दक्षिणेच्या आलेंतेजो भागात शेतमजुरांनी मोठ्या जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, उत्तरेचा छोटा शेतकरी मात्र चर्चबरोबर राहिला. दीडेक वर्षं काहीही होऊ शकलं असतं. एप्रिल १९७६ मध्ये घटना आली, मारियो सोआरेस पंतप्रधान झाला, १९८६ मध्ये देश युरोपियन समुदायात शिरला. व्यवस्था अशी की राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलेला, संसद एकाच सभागृहाची २३० जागांची, सरकार पंतप्रधानाचं, पण संसद बरखास्त करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे आणि तो खरोखर वापरला जातो.

बदल किती झाला ते बालमृत्यूवरून बघावं. १९७० मध्ये हजारातली पन्नासहून जास्त मुलं वर्षाच्या आत जायची, आता साधारण तीन. १९७९ ची सार्वजनिक आरोग्यसेवा हे त्याचं एक मोठं कारण. २००१ पासून स्वतःपुरतं, म्हणजे दहा दिवसांच्या गरजेइतकं ड्रग जवळ बाळगणं गुन्हा नाही, कायद्याने मनाईच आहे पण माणूस तुरुंगात न जाता डॉक्टर, समाजसेवक असलेल्या समितीपुढे जातो. समलिंगी विवाह २०१० पासून. लोक बहुतांश कॅथलिक, फातिमा गावच्या मेरीमातेच्या यात्रेला प्रचंड गर्दी, पण धर्माचा राजकारणावरचा जोर बराच उतरलाय. जगातलं निम्मं बुचाचं उत्पादन इथलं, बूच म्हणजे एका ओक झाडाची साल, झाड न तोडता ती कुऱ्हाडीने सोलतात, मग खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगात लिहितात, २०२४ ला सोललं तर ४, कारण पुन्हा सोलायचं ते नऊ वर्षांनीच.

२०११ मध्ये कर्जसंकट आलं, ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली, पगार-पेन्शन कापले आणि शिकलेली पोरं पुन्हा देश सोडून गेली. २०१५ ते २०२४ आंतोनियो कोस्ता पंतप्रधान होता, त्याचे वडील ओर्लांदो मडगावात वाढले. तो आता युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष आहे. पर्यटन आणि परदेशी गुंतवणुकीने लिस्बनची भाडी एवढी वाढली की २०२५ मधल्या ८७० युरो किमान वेतनात तिथे घर मिळणं अशक्य झालंय. दुसरीकडे आलेंतेजोच्या बेरी पिकवणाऱ्या ग्रीनहाऊसमध्ये नेपाळी, भारतीय, बांगलादेशी मजूर राबतात, एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, आणि परकीयांना विरोध करणारा शेगा पक्ष २०१९ च्या एका जागेवरून २०२५ मध्ये ६० वर पोचला. ज्या देशाची माणसं शांपिन्यीच्या चिखलात राहिली त्या देशात हे होतंय याचं वाईट वाटतं.

गोव्याशी कायद्याचं नातं अजून आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता बदल होत होत गोव्यात आजही लागू आहे. शिवाय १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. हजारो गोंयकारांनी ते घेतलं, ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता तोवर त्या पासपोर्टवर बरेच जण लंडनला, स्विंडनला कामाला गेले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे ते घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.