खुली कोळसा खाण (वर्धा खोरे)

जमिनीखालील दगडी कोळसा बोगदे न खणता, त्यावरची माती व खडक पूर्णपणे बाजूला सारून काढण्याच्या पद्धतीस खुली खाण म्हणतात. खाणपट्ट्यातील रोजच्या बोलण्यात तिला ‘ओपन कास्ट’ आणि कोळशावरच्या माती-खडकाला ‘ओबी’ म्हणतात. भारतात निघणाऱ्या दगडी कोळशापैकी ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आज अशा खाणींतून येतो. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र हे या पद्धतीचे महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, माजरी, निलजई, मुंगोली, उकणी ही तेथील काही नावे. अशी खाण नावाने कोळशाची असली तरी तिच्यातील बहुतेक श्रम, यंत्रे आणि पैसा माती व दगड हलवण्यावर खर्च होतो. तिचे अर्थकारण, तिचे धोके आणि ती मागे ठेवत असलेले प्रश्न हे सारे मुख्यतः या ओबीशी बांधलेले आहेत.

भूरचना : वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवनी संघातील (एकाच प्राचीन कालखंडातील खडकथरांच्या समूहातील) बराकर नावाच्या खडकांत सापडतो. पर्मियन काळात, म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूभाग दक्षिण गोलार्धातील गोंडवन या महाखंडाचा भाग होता. त्या काळी बर्फाच्छादन ओसरत चालले होते, आणि त्याचा पुरावा चंद्रपूर परिसरातच आहे. इरई गावाजवळ चुनखडकाच्या पृष्ठभागावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे फेडन या भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले. ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथील खडकावर बर्फाच्या खुणा असाव्यात, ही गोष्ट या प्रदेशाचे वय जाणवून देणारी आहे. हिमकाळातील गोटे व गाळ तालचेर थरांत जमा झाले. त्यानंतर खचत गेलेल्या लांबट दरीत नद्यांची दलदलयुक्त मैदाने तयार झाली आणि ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या गटातील वनस्पतींचे अवशेष वाळू-चिखलाखाली दबून त्यांचा कोळसा झाला. हे अवशेष साचताना त्यांत बारीक माती सतत मिसळत राहिली. ती कोळशाच्या अंगातच भिनलेली असल्यामुळे धुऊनही पुरती निघत नाही, आणि गोंडवनी कोळशात राखेचे प्रमाण जास्त असण्याचे कारण हेच आहे.

खाणीच्या काठावर उभे राहिले की हा सारा इतिहास भिंतीवर उभा दिसतो. सर्वांत वर काळी कापसाची माती, तिच्याखाली पिवळसर चिकणमाती व वाळू, मग कामठी थरांचे तांबूस-पिवळे वालुकाश्म, त्याखाली बराकरचे करडे-पांढरे वालुकाश्म व शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक), आणि अगदी तळाशी कोळशाचा काळा पट्टा. काही ठिकाणी मध्ये बेसाल्टचाही थर येतो. येथील मुख्य थर जाड असून अनेक ठिकाणी तो १५ मीटरांच्या आसपास भरतो. मात्र तो सलग शुद्ध कोळसा नसतो, त्यात कार्बनी शेलच्या पट्ट्या आलेल्या असतात. हातात घेतलेल्या तुकड्यावरही काचेसारख्या चकाकणाऱ्या आणि निस्तेज अशा रेघा आलटून-पालटून दिसतात. चकाकणारा भाग ठिसूळ व कमी राखेचा, तर निस्तेज भाग जड व राखट असतो. थरांना सौम्य उतार आहे, पण विभंगांमुळे (जमीन तुटून वर-खाली सरकल्यामुळे) थर मध्येच नाहीसा होतो आणि कित्येक मीटर खाली किंवा वर पुन्हा सापडतो. म्हणून खाण आखण्यापूर्वी ठरावीक अंतरांवर भोके पाडून खडकांचे नमुने काढतात आणि थराची खोली, जाडी व विभंगांच्या जागा यांचा नकाशा तयार करतात.

ओबीचे गणित : एक टन कोळशासाठी किती घनमीटर ओबी हलवावी लागते, या गुणोत्तरावर खाणीचे आयुष्य ठरते. ते ४ असेल, तर एका टनामागे चार घनमीटर, म्हणजे वजनाने साधारण ९ टन माती-दगड उचलावा लागतो. कोळशाचा थर जसजसा उताराच्या दिशेने खोल जातो, तसतसे हे गुणोत्तर वाढते आणि एका मर्यादेनंतर खाण परवडेनाशी होते. म्हणूनच काम नेहमी थर सर्वांत उथळ असलेल्या बाजूने सुरू करतात. तेथे घेतलेल्या पहिल्या लांबट खोदणीला ‘बॉक्स कट’ म्हणतात. तिची ओबी टाकायला खाणीत जागाच नसते, त्यामुळे ती बाहेर, बहुधा शेतजमिनीवर, ढिगारा करून टाकावी लागते. पुढे कोळसा काढून मोकळ्या झालेल्या तळावर ओबी टाकता येते, आणि खाण पुढे सरकत असताना मागचा भाग भरत जातो. फोडलेला खडक मूळच्या घनखडकापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने अधिक जागा व्यापतो. घुग्घुस किंवा वणीच्या सपाट प्रदेशात दिसणारे मातीचे डोंगर त्यामुळेच उभे राहिले आहेत.

कामाची पद्धत : खाण पायऱ्यापायऱ्यांनी खोदतात, या पायऱ्यांना ‘बेंच’ म्हणतात. वरची काळी माती वेगळी काढून ठेवावी लागते, कारण पुढे ढिगाऱ्यावर झाडे लावताना तीच उपयोगी पडते. मऊ थर यंत्राने सरळ उचलले जातात. कठीण वालुकाश्मात मात्र १६० किंवा २५० मिलिमीटर व्यासाची भोके पाडून स्फोटके भरतात, भोकाचे तोंड भोकातूनच निघालेल्या भुकटीने ठासून बंद करतात आणि प्रत्येक भोक काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडेल अशी जोडणी करतात. एकदम सारी भोके उडवली तर जमिनीचे हादरे वाढतात आणि शेजारच्या गावातील भिंतींना तडे जातात, म्हणून हे अंतर महत्त्वाचे असते. स्फोटाआधी भोंगा वाजतो, रस्त्यांवर लाल झेंडे घेतलेली माणसे उभी राहतात आणि साधारण ५०० मीटरच्या परिघातील माणसे हलवली जातात.

फुटलेला खडक शॉवेलने (यांत्रिक फावड्याने) उचलून ६० ते १०० टनी डंपरांत भरतात. काही मोठ्या खाणींत ड्रॅगलाइन हे यंत्र वापरतात. २४ घनमीटरची बादली आणि ९६ मीटरची भुजा असलेले ड्रॅगलाइन एकाच जागेवरून ओबी उचलून थेट मागच्या रिकाम्या जागेत टाकते, त्यामुळे डंपरांची गरज उरत नाही. कोळशाच्या थरात काही ठिकाणी ‘सरफेस मायनर’ चालवतात. दाते असलेल्या फिरत्या ढोलाने ते कोळसा खरवडून बारीक करते, त्यामुळे स्फोटाची व पहिल्या दळणीची दोन्ही कामे वाचतात. तीन पाळ्यांत, रात्रंदिवस काम चालते. डंपरांच्या रस्त्यावर पाण्याचे टँकर सतत फिरत असतात, तरीही उन्हाळ्यात बाभळीच्या पानांवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ बसते.

पाणी आणि घसरण : कामठी वालुकाश्म हा या भागातील मोठा जलधारक खडक आहे. खाण तो कापून खाली जाते, तेव्हा त्यातील पाणी खाणीत झिरपते आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. तळाशी केलेल्या खड्ड्यात पाणी गोळा करून पंपांनी बाहेर काढतात. पावसाळ्यात हेच खाणीचे मुख्य काम होऊन बसते. वर्धा, इरई आणि पेनगंगा या नद्या जवळून वाहत असल्याने काही खाणींभोवती मातीचे बांध घालावे लागले आहेत. याहून गंभीर धोका घसरणीचा आहे. काळी माती व चिकणमाती पाणी धरते, फुगते आणि तिची पकड सुटते. उंच ढिगाऱ्याच्या तळाशी अशी माती दबलेली असेल, तर संततधार पावसात वरचा सारा भार सरकतो. त्यामुळे उतार, उंची आणि पाण्याचा निचरा यांवर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आहेत, आणि २०१७ च्या कोळसा खाण विनियमांत उतारांच्या वैज्ञानिक अभ्यासावर भर दिला आहे. हे नियम काटेकोर पाळले जातात की नाही, यावर खालच्या बेंचवर काम करणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

कोळसा : येथील कोळसा कोकसाठी (लोखंडाच्या भट्टीत लागणाऱ्या इंधनासाठी) चालत नाही, तो वीजनिर्मितीसाठी आणि सिमेंट कारखान्यांत जाळतात. १ जानेवारी २०१२ पासून भारतात कोळशाची प्रत एकूण उष्मांकावरून जी-१ ते जी-१७ अशी ठरते. किलोमागे ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी देणारा कोळसा जी-१० प्रतीचा. शेलच्या पट्ट्या यंत्राच्या दात्यांबरोबर कोळशात मिसळल्या की प्रत घसरते, म्हणून त्या वेगळ्या काढणे हे कौशल्याचे काम आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन साठ्यातील कोळसा आपोआप तापतो आणि पेट घेतो. त्यामुळे ढीग दाबून ठेवतात आणि फार दिवस पडू देत नाहीत. दळलेला कोळसा रेल्वेच्या सायडिंगवर (माल भरण्यासाठीच्या बाजूच्या मार्गावर) गाड्यांत भरतात. एका मालगाडीत सुमारे ४००० टन मावतो. ५०० मेगावॉटचा वीजनिर्मितीचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला अशा जवळजवळ दोन गाड्या लागतात, आणि २९२० मेगावॉटचे चंद्रपूर औष्णिक वीज केंद्र याच कोळसाक्षेत्राच्या काठी उभे आहे.

जुन्या खाणी आणि जमीन : या खोऱ्यात कोळशाचे काम एकोणिसाव्या शतकात वरोऱ्यापासून सुरू झाले, पण ते भूमिगत होते. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि) स्थापन झाली. त्यानंतर खुल्या खाणी वाढल्या. जुन्या भूमिगत खाणींत छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब आता वरून खोदून काढले जातात. पोकळ्या कोठे आहेत याचे जुने नकाशे नेहमीच भरवशाचे नसल्याने यंत्र चालवण्याआधी तपासणीची भोके घ्यावी लागतात.

जमीन मुख्यतः १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली संपादित होते. शेतकऱ्याचे नुकसान केवळ मोबदल्यात मोजता येत नाही, कारण कापूस, तूर आणि सोयाबीन देणारी ही काळी जमीन ओबीखाली गेली की पुन्हा तशी होत नाही. नोकरी व पुनर्वसनावरून प्रकल्पग्रस्तांची आंदोलने त्यामुळेच वर्षानुवर्षे चालतात. जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते आणि ताडोब्याच्या बाजूने येणारे वाघ-बिबटे त्या झुडपांत आसरा घेतात. दुर्गापूर-पद्मापूर भागात रात्रपाळीला जाणाऱ्या कामगारांना हा धोका खरा आहे.

खाण बंद करण्याचा आराखडा आता सुरुवातीलाच द्यावा लागतो. २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून त्यासाठी खाण चालू असतानाच वेगळ्या खात्यात रक्कम ठेवावी लागते. कोळसा संपेपर्यंत मागचा बराचसा भाग भरून निघतो, पण शेवटच्या खोदणीसाठी ओबी उरत नाही, कारण पहिल्या खोदणीची ओबी तेव्हा बाहेरच्या ढिगाऱ्यात पडलेली असते. तो ढीग उचलून परत आणणे खर्चाचे असते, म्हणून खाणीच्या एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेला खोल खड्डा, अशी जमीन मागे राहते.